दुकानात पाहिला, मोबाईलवर घेतला

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दसरा झाला, आता दिवाळीची गडबड. आपल्या इंदूरच्या ग्रुपवर या आठवड्यात आरतीच्या निरोपांपेक्षा सेलच्या लिंकच जास्त आल्या. रागवू नका, त्यातल्या दोन मीच टाकल्या होत्या. म्हणूनच या विषयावर लिहायला बसले, आणि आधी स्वतःचीच गोष्ट सांगते.

2024 मध्ये आमचा जुना मिक्सर नेमका पितृपंधरवड्यात बंद पडला. सासूबाईंच्या काळापासून आमच्याकडे या पंधरा दिवसांत नवी वस्तू घरात आणत नाहीत. पण नुसतं पाहून यायला काय हरकत, असं म्हणून सुनेला घेऊन राजवाड्याजवळच्या एका दुकानात गेले. दुकान आपल्याच एका गुरुबंधूंचं. नाव सांगत नाही, पण त्यांना हा लेख आधी वाचून दाखवला आहे.

त्या दिवशी दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. भाऊंनी तीन मिक्सर खाली काढले. घरात माणसं किती, इडलीचं पीठ किती वेळा वाटता, सुकं खोबरं-शेंगदाणे वाटता का, हळकुंड घालता का, सगळं विचारलं. 500 वॉट आणि 750 वॉटमध्ये फरक कुठे पडतो ते मोटर चालवून दाखवलं. खालचं रबरी कपलर झिजतं, ते बाजारात सहज मिळतं की नाही हे आधी बघायचं, हे मला पासष्टाव्या वर्षी त्यांनी शिकवलं. चहा झाला. पाऊण तासानं एक मिक्सर पसंत पडला, 4,200 रुपये. "आता नको भाऊ, पंधरवडा संपू दे," असं म्हणून आम्ही उठलो.

उठण्याआधी मी एक गोष्ट केली होती. भाऊ आत गेले तेवढ्यात मॉडेलच्या नंबरचा फोटो काढून नातवाला पाठवला होता.

संध्याकाळी नातवानं दाखवलं, तोच मिक्सर, तीच कंपनी, बँकेच्या कार्डाची सूट धरून 3,450. खाली लाल अक्षरांत 'फक्त 2 शिल्लक'. आता ही घाई लावण्याची युक्ती असते हे सरकारनंसुद्धा ओळखलं आहे. 2023 च्या नोव्हेंबरात ग्राहकांना फसवणाऱ्या अशा 13 प्रकारांची यादी निघाली, तीत खोटी घाई लावणं आहे. ते दोन नग खरे होते की खोटे, देव जाणे. पण बटण दाबायला मीच सांगितलं.

आणि पंधरवड्याचं काय? त्यावरही मनानं तोडगा काढला. ऑर्डर 30 सप्टेंबरला, पण खोकं घरी येणार 3 ऑक्टोबरला, म्हणजे घटस्थापनेला! वस्तू घरात मुहूर्तावरच आली, नाही का? सून हसली. मीही हसले. पितरांना फसवायला निघालेली बाई स्वतःलाच किती सहज फसवते, हे तेव्हा कळलं नाही.

तसं पाहिलं तर मी एकटी नाही. 2014 च्या ऑक्टोबरात फ्लिपकार्टनं तो एक दिवसाचा मोठा सेल केला, पुढच्या वर्षी अमेझॉननं सणाचा सेल सुरू केला, आणि हळूहळू खरेदीचा मुहूर्त पंचांगातून निघून मोबाईलमध्ये गेला. 2023 मध्ये सेल 8 ऑक्टोबरला लागला आणि सर्वपित्री अमावास्या होती 14 ला. 2024 मध्ये तर सप्टेंबर संपायच्या आतच लागला, सर्वपित्री 2 ऑक्टोबरला. ज्या दिवसांत आपल्या आया बाजाराकडे फिरकत नसत, त्या दिवसांत आपण रात्री बारा वाजता जागे राहून बटण दाबतो. पंधरवडा पाळावा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न, त्यात मी पडत नाही.

घटस्थापनेला गुरुवार होता. सकाळी खोकं आलं, संध्याकाळी आरतीला गेले. प्रसाद घेताना भाऊ समोर आले आणि म्हणाले, "ताई, तुमचा मिक्सर बाजूला काढून ठेवलाय. दसऱ्याला नेता की पाडव्याला?"

मी म्हणाले, "बघते भाऊ, सांगते."

महाराजांच्या फोटोसमोर उभी राहून म्हणाले. घरी नव्या मिक्सरमध्ये चटणी वाटून झाली होती.

त्या रात्री झोप लागली नाही. आपण सत्संगात यम-नियम वाचतो, त्यात अस्तेय तिसरा. चोरी न करणं. ते वाचताना मला नेहमी वाटायचं, हा आपल्यासाठी नाहीच, आपण कुठे कुणाच्या खिशात हात घालतो? भाऊंचा मिक्सर त्यांच्याच फळीवर होता. पैसे मी चोख मोजले, फक्त दुसरीकडे. मग मी नेलं काय?

खूप विचार केल्यावर एवढं लक्षात आलं की दुकानातल्या त्या 4,200 मध्ये नुसता मिक्सर नसतो. जागेचं भाडं, दिवे, पोऱ्याचा पगार, आणि तो पाऊण तास, 'दाखवणं', हे सगळं त्यात असतं. मोबाईलवरच्या 3,450 मध्ये दाखवणारा कुणी नसतो. मी दाखवणं एकाकडून घेतलं आणि किंमत दुसऱ्याकडून. दाखवण्याचे पैसे कुणालाच दिले नाहीत.

सुनेला हे पटत नाही, आणि तिचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. ती म्हणते, "आई, सीतलामाता बाजारात तुम्हीच दहा दुकानांत साड्या उलगडायला लावता आणि एका ठिकाणी घेता. मग बाकीच्या नऊ जणांची चोरी होते का? आणि 750 रुपयांत थोडे घातले की गॅसचा सिलिंडर येतो." घर ती चालवते, पैशाची किंमत तिला माझ्यापेक्षा जास्त कळते. शिवाय मोबाईलवर विकणाराही कुठल्यातरी गावचा दुकानदारच असतो, त्यालाही पोरंबाळं आहेत. आणि सगळे दुकानदार काही आमच्या भाऊंसारखे नसतात. सणात चौपट भाव सांगणारे आपण पाहिलेच आहेत.

पण साड्यांच्या दहा दुकानांत मी न ठरवता जाते. दहाव्याइतकीच संधी पहिल्यालाही असते, आणि हे त्यालाही ठाऊक असतं. पूजेला बसताना आपण आधी पाणी सोडून संकल्प करतो, कारण कृती तीच असली तरी संकल्पानं तिचं रूप ठरतं. त्या दिवशी भाऊंच्या दुकानात माझा संकल्प काय होता? पंधरवड्याचं निमित्त होतं. इथे घ्यायचं नाही हे आतून ठरलेलं होतं, नाहीतर भाऊ आत गेल्यावर फोटो कशाला काढला असता? त्यांच्यासमोर काढला असता की.

असंच दुसरंही ऐकते. दिवाळीला कुर्ता मागवायचा, लेबल आत दुमडून लक्ष्मीपूजनाला घालायचा, भाऊबीजेनंतर 'साईज बरोबर नाही' म्हणून परत पाठवायचा. आपल्यातली मुलंही करतात, आणि आपण कौतुकानं सांगतो, हुशार आहे हो! यावर जास्त काय लिहू.

भाऊंना सांगायला मला सहा आठवडे लागले. तुळशीचं लग्न झाल्यावर एका दुपारी दुकानात गेले. मागच्या फळीवर ते खोकं तसंच होतं, वर चिठ्ठी चिकटवलेली, पेनानं 'ताई' लिहिलेलं. सगळं सांगितलं. फोटोचंही. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, तिथला भाव मला दाखवायचा होता. 3,800 पर्यंत मी आलो असतो. त्याखाली मला परवडत नाही, कार्डाची ती सूट माझ्या हातात नसते. मग मीच म्हणालो असतो, तिकडे घ्या. खोकं तरी अडकून पडलं नसतं." आणि जरा थांबून, "माझा मुलगा बूट मोबाईलवरच घेतो. मी कुणाला बोलू?"

मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

2025 मध्ये 22 सप्टेंबरपासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तेव्हा दिरांना टीव्ही घ्यायचा होता. त्यांना घेऊन भाऊंकडेच गेले. आत शिरताच मोबाईल त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, हा इथला भाव आहे, तुमचा सांगा, मग दाखवा. भाऊ 900 रुपयांनी महाग पडले. दिरांनी दोन मिनिटं विचार केला आणि तिथेच घेतला, भिंतीवर लावायला त्यांचा माणूस येतो म्हणून. मिक्सरच्या बाबतीत मी हेच केलं असतं का? 350 जास्त दिले असते का? माहीत नाही. नातवाचा मोबाईल मात्र आम्ही सेलमध्येच घेतला. फरक 3,000 चा होता, आणि तो भाऊंना आधी विचारूनच घेतला.

या गुरुवारी आरतीनंतर भाऊ स्वतः बोलणार आहेत, दुकानाच्या बाजूनं. मी फार खोलात शिरते आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी जरूर यावं. आमच्या सूनबाई येणार आहेत, आणि त्या माझ्या बाजूनं बोलणार नाहीत.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥