तंटा आणि मध्यस्थ : एक निरूपण



शहापूर-मुरबाडकडील भातखाचरांत दोन भावांमधला बांध हातभर असतो. त्यावरून उठलेला तंटा मात्र दोन पिढ्यांना पुरतो. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी होते, हद्दीचे दगड रोविले जातात. वाट अडविली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये तहसीलदारांपुढे अर्ज जातो. एवढ्याने रेषा ठरते. परंतु एका ओटीवर वाढलेल्यांच्या मनातील विकल्प मोजणीने जात नाही. तेथे तिसरा माणूस लागतो. तो कसा असावा, इतकाच आजचा विचार.

पंडित म्हाइंभटांनी लीळा मिळविताना ज्यांनी पाहिले-ऐकिले त्यांच्याकडे जाऊन विचारिले आणि श्रीनागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. पुढे मूळ पोथ्या हरपल्यावर आठवणीतून पाठ सिद्ध करावा लागला, तेव्हा भेद निघाले. ते पुसले गेले नाहीत. हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास यांच्या वासना त्यांच्या त्यांच्या नावानिशी नोंदल्या गेल्या. मध्यस्थाचे पहिले कार्य हेच होय : थोरल्याचे म्हणणे थोरल्याच्या शब्दांत आणि धाकट्याचे धाकट्याच्या शब्दांत लिहावे, वाचून दाखवावे, आणि 'हेच तुमचे म्हणणे ना?' असे विचारावे. आपले मत त्यानंतर. पुष्कळांचा अर्धा राग कोणी ऐकून घेतले नाही याचाच असतो.

राज्यशासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेने समिती निवडावी, दिवाणी, महसुली व फौजदारी तंटे समजुतीने मिटवावेत, यशस्वी गावास पुरस्कार मिळावा, अशी तिची योजना. हेतू उत्तम. तथापि पुरस्कार दिसू लागला की घाई शिरते, आणि घाईत नेहमी दुबळ्यालाच 'तू जरा समजून घे' असे सांगितले जाते. दडपून घेतलेली सही ही हिंसाच होय.

दुसरा दाखला शहापूर तालुक्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गाचा. जमीन थेट खरेदीने मिळावी म्हणून रस्ते विकास महामंडळाने संवादक नेमले होते. संवादक निरोप पोचवितो, शंका फेडतो; ते कामही उपयोगाचे. पण ज्याची नेमणूक एका पक्षाची, त्याला मध्यस्थ म्हणू नये. (भिक्षुकांनीही एका पक्षाच्या घरी उपहार घेऊन दोघांच्या तंट्यात बसू नये.)

तडजोड झाली तरी कागद जपून करावा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करणाऱ्यास प्रत्येक ओळ समजली पाहिजे. आणि बैठकीस कोण आले नाही, तेही पाहावे. दोघे भाऊ एक होतात, बांध मिटतो, आणि सासरी असलेल्या बहिणीकडे हक्कसोडपत्र सहीसाठी जाते. वडिलार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने मानला आहे. तिला तो सोडावयाचा असेल तर तिने खुशाल सोडावा. पण तिला बोलाविल्यावाचून मध्यस्थाने बैठक भरवू नये.