ठेंगू माड आणि फळाची आशा

उंच जातीचा माड लावल्यापासून सहा-सात वर्षांनी फळ धरू लागतो आणि ऐंशी-शंभर वर्षे जगतो. ठेंगू जातीच्या माडाला मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षीच पोय, म्हणजे फुलोरा, येते आणि त्याचे आयुष्यही साधारण निम्मेच असते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या बेंगळुरूत, जिथे अंगणे आक्रसली आहेत, तिथे केरळातील चावक्काडच्या परिसरातली ‘चौघाट ऑरेंज ड्वार्फ’ ही शहाळ्यासाठी नावाजलेली नारिंगी फळांची ठेंगू जात सोयीची ठरते. या सोयीबरोबर धर्मविचारातला एक जुना प्रश्न नव्याने पुढे येतो : फळ जर लावणाऱ्याच्याच हाती इतक्या लवकर पडणार असेल, तर वृक्षारोपणाला पुण्यकर्म का म्हणावे?

तैत्तिरीय संहितेत जन्माबरोबर येणारी तीन ऋणे सांगितली आहेत आणि त्यांपैकी पितृऋण, म्हणजे पूर्वजांचे देणे, संततीने फिटते असे मानले आहे. मत्स्यपुराण तर एका वृक्षाला दहा पुत्रांच्या तोलाचे मानते. आजोबांनी लावावे आणि नातवाने खावे, या रीतीत उंच माड चपखल बसतो. ठेंगू माडात ही साखळी तुटते आणि रोपणाचा व्यवहार होतो, असा आक्षेप घेता येईल.

हा आक्षेप फळाचे अंतर आणि फळाचा त्याग यांची गल्लत करतो. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी फलाशा, म्हणजे फळाविषयीची आसक्ती, आणि कर्माला फळ येते याचे ज्ञान या दोहोंत स्पष्ट भेद केला आहे : कर्मयोग्याला परिणामाचा विचार सोडावयाचा नसून ‘हे मलाच मिळाले पाहिजे’ ही ओढ सोडावयाची असते. जे फळ आपल्या हयातीत पुरते भोगताही येणार नाही, त्यावरची ओढ सोडायला फारसे बळ लागत नाही. हाताच्या उंचीवर लोंबणाऱ्या घडासमोर मात्र त्यागाची खरी परीक्षा होते, आणि त्या दृष्टीने ठेंगू माड हा साधकाला अधिक कठीण गुरू आहे.

आणखी एक गोष्ट क्वचितच ध्यानात घेतली जाते. उंच माडावरचे नारळ उतरवायला पाडेली लागतो, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा कुशल माणूस, आणि त्याच्या श्रमाचे मोल चुकवल्याशिवाय मालकाला फळ मिळत नाही. ठेंगू माडाने हे परावलंबन संपवले, पण त्याबरोबर फळात दुसऱ्याचा वाटा आहे याची आपोआप होणारी आठवणही संपवली. ती आता मालकाला जाणीवपूर्वक ठेवावी लागते. पाण्याचेही तसेच आहे. ठेंगू जाती पाण्याचा ताण कमी सोसतात, आणि बेंगळुरूला मिळणारे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, कित्येकशे मीटर वर चढवून आणलेले असते. शास्त्रांनी विहिरी, तलाव, बागा अशा लोकोपयोगी कामांना ‘पूर्त’ म्हटले आहे. पिण्याच्या पाण्यावर वाढवलेला खाजगी माड पूर्तात बसणार नाही. छपरावरचे पावसाचे पाणी आळ्यात जिरवून वाढवलेला माड त्याच्या बराच जवळ जातो.

राहिला साखळीचा प्रश्न. शहाळे सहा-सात महिन्यांचे असताना कापले जाते, आणि ते कधीच रुजत नाही. कलशावर ठेवायचा, शेंडी असलेला नारळ तयार व्हायला मात्र जवळजवळ वर्ष लागते. म्हणून सर्व घड कोवळेच उतरवणारा मालक देवाचा आणि पुढच्या पिढीचा, दोघांचाही भाग पिऊन टाकतो. ठेंगू माडात बहुधा स्वपरागीकरण, म्हणजे त्याच झाडाच्या परागाने फलन, होत असल्यामुळे त्याची रोपे बहुतांशी आईसारखीच निघतात, आणि नारिंगी जातीत तर कोंबाच्या रंगावरूनच शुद्ध रोप ओळखता येते. दरवर्षी एक घड पिकू द्यावा, त्यातला एक नारळ देवापुढे ठेवावा, आणि उरलेले रुजवून ज्यांच्या अंगणात माड नाही त्यांना त्यांची रोपे द्यावीत. पितृऋण फेडण्याचा हा मार्ग ठेंगू माडालाही खुला आहे.