आधार

आधार हा शब्द आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की त्याच्या आत किती पदर आहेत याचा शोध घ्यावा असे क्वचितच कोणाला वाटते. आज तो शोध घ्यायला मी एक अगदी व्यवहारातले काम निवडले आहे. संत एकनाथांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पैठणच्या नाथसागरातून एखादी होडी काढून, ती ट्रेलरवर चढवून, संभाजीनगर, सिल्लोड, अजिंठ्याचा घाट, फर्दापूर, जळगाव अशा मार्गाने तापीवरच्या हतनूर धरणापर्यंत न्यायची आहे, असे समजू. वाट अडीचशे किलोमीटरांच्या आसपासची. आणि त्या वाटेत ती होडी गोदावरीचे खोरे सोडून, अजिंठ्याच्या डोंगररांगेचा पाणलोट ओलांडून, तापीच्या खोऱ्यात उतरते. जिचा जन्मच पाण्यासाठी आहे, तिला दोन पाण्यांमधला कोरडा डोंगर पार करायचा आहे. अशा वेळी तिला आधार कोणाचा?

होडी पाण्यात असते तेव्हा हा प्रश्न उठतच नाही, कारण पाण्याचा आधार सर्वांगाला मिळतो. आठशे किलो वजनाची होडी तरंगताना आठशे किलो पाणी बाजूला सारते, आणि भोवतीचे पाणी तिच्या बुडाच्या भिजलेल्या प्रत्येक बोटभर जागेवर दाब देत तिला वर उचलून धरते. कुठे टोचत नाही, कुठे पोकळी सोडत नाही, होडीचा आकार जसा असेल तसा स्वतः होतो आणि मग तिला पेलतो. ज्याला आधार द्यायचा त्याचा आकार आधी स्वीकारायचा, ही पाण्याची रीत आहे, आणि परमेश्वराच्या आधाराविषयी श्रद्धावंत जे अनुभवतात तेही याच जातीचे आहे, असे मला दीर्घ चिंतनानंतर वाटते. आपण त्याच्या साच्यात बसतो की नाही हे तो पाहत नाही.

ट्रेलरचा आधार मात्र मानवी आहे, म्हणून मोजका आहे. गादी लावलेल्या दोन लांब फळ्या किंवा काही रबरी रोलर, एवढ्यावरच तो सारा भार येतो. म्हणूनच पूर्वतयारीचे पहिले काम म्हणजे वाकून, प्रसंगी जमिनीवर आडवे होऊन, होडीचे बूड नेमके कुठे टेकले आहे ते पाहणे. कण्याला आधार हवा, आणि मागच्या आडव्या भिंतीखाली तर हवाच हवा, कारण इंजिन तिथेच लटकलेले असते. फळ्या त्या भिंतीच्या आधीच संपत असतील तर रस्त्याच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर बूड हळूहळू वाकते, आणि ते वाकणे पुढे होडी पाण्यात वेग घेऊ लागली म्हणजे कळते. इंजिन वर उचलून ठेवायचे, आणि तेही त्याच्या हायड्रॉलिकच्या भरवशावर न सोडता खाली स्वतंत्र टेकू द्यायचा. जिथे भार तिथेच आधार: हे सूत्र उच्चारायला सोपे आहे, पण भार नेमका कुठे आहे हे ओळखण्यासाठी माणसाला वाकावे लागते, आणि साधनेतही पुष्कळ काळ या वाकण्यातच जातो.

आधार खालूनच मिळतो असेही नाही. तो तोलातून मिळतो. ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांना हे सांगावे लागत नाही. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. पुढे गेले की बैलांच्या माना दबतात. होडीचा ट्रेलर हा त्या गाडीचाच वंशज आहे. होडीसकट ट्रेलरचे जे एकूण वजन, त्याच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर, म्हणजे गाडीच्या मागच्या गोळ्यावर पडावा, असा जाणत्यांचा दंडक आहे. त्याहून कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवी शेपटी मारू लागतो, आणि एकदा ते हेलकावे वाढू लागले की ओढणारी गाडीही त्यांच्या अधीन होते. अधिक पडला तर गाडीची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू हाताला लागेनासे होते. म्हणून होडी दोन-चार बोटे पुढे-मागे सरकवून, आतले सामान, इंधन, नांगर योग्य ठिकाणी हलवून हा तोल साधावा लागतो. आधार देणाऱ्यालाही आधार लागतो, तो असा.

बुडाजवळचे छोटे बूच काढून ठेवायला विसरू नये. वाटेत पाऊस लागला आणि बूच बंद राहिले, तर शंभर लिटर पाणी साचले म्हणजे शंभर किलो वजन वाढले, आणि तेही प्रत्येक वळणावर हेलकावणारे. बाहेर असताना ज्या पाण्याने तोलून धरले, तेच आत शिरताच ओझे होते; संसार आणि मन यांच्या नात्याविषयी जाणत्यांनी जे सांगून ठेवले आहे, त्याचा अर्थ मला या एका बुचापाशी पुरता उमगतो.

आता सर्वांत गूढ पदर: न दिसणारा आधार. चाकाच्या हबात बेअरिंग असते, बेअरिंगमध्ये ग्रीस असते, आणि सगळा भार अखेरीस त्या पातळशा थरावर फिरतो. होडी उतरवताना तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि सील जीर्ण असेल तर पाणी आत ओढले जाते. ग्रीस दुधाळ होते, पोलादाला गंज धरतो, आणि बाहेरून काहीही कळत नाही. दूरच्या प्रवासाआधी हब उघडून बेअरिंग धुवावे, पाहावे, नवे ग्रीस भरावे. टायरचेही तसेच: नक्षी शाबूत दिसते म्हणून विश्वास ठेवू नये, कारण ट्रेलर वर्षातला बराच काळ उन्हात उभा असतो आणि रबर न फिरताही म्हातारे होते. टायरच्या कडेवर चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3519 म्हणजे 2019 सालचा पस्तिसावा आठवडा. ते वाचावेत. दिवे, जास्तीचे चाक, जॅक ही कामे ओघाने येतातच. दसऱ्याला आपण गाडी धुऊन चाकांना हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. त्या पूजेत प्रत्येक भागाला वर्षातून एकदा तरी भक्तीने हात लागतो. न दिसणाऱ्या आधाराची आठवण ठेवणे, हाही पूजेचा अर्थ आहे.

आणि मग बांधणे. पुढच्या विंचच्या पट्ट्यावर सर्वस्वी विसंबू नये. मागून दोन पट्टे ट्रेलरच्या सांगाड्याला आवळावेत, नाकापाशी वेगळी साखळी असावी. गाडी आणि ट्रेलर यांच्यामधल्या दोन सुरक्षा साखळ्या जोडाखालून एकमेकींना छेदून लावतात, म्हणजे जोड निसटलाच तर ट्रेलरचा दांडा रस्त्यात न रुतता त्यांच्या झोळीत पडतो. हा आधार सारा प्रवासभर काही करताना दिसत नाही.

बांधण्यावरून वाटेतलेच एक जहाज आठवते. फर्दापूरहून चार-एक किलोमीटरवरच्या अजिंठा लेण्यांत, दोन क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकातले तीन डोलकाठ्यांचे जहाज भिंतीवर आहे. पूर्णाच्या कथेतले ते जहाज. हा पूर्ण शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी, पुढे भिक्षू झालेला. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रावर गेला असता वादळ उठले, जहाजावरच्यांनी पूर्णाचे स्मरण केले, आणि त्याने येऊन वादळ शमवले. त्याच चंदनातून शूर्पारकात विहार उभा राहिला. स्मरण हा त्यांचा शेवटचा आधार होता, पण फळ्या आधी नीट जोडलेल्या होत्या, हेही विसरता येत नाही. अजिंठ्याच्या चित्रावरून घडवलेले आयएनएसव्ही कौंडिण्य हे जहाज 21 मे 2025 रोजी कारवारला नौदलात दाखल झाले आणि वर्षअखेरीस पोरबंदरहून मस्कतला निघाले. बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली कारागिरांनी त्याच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवल्या. शिवण लाटेबरोबर किंचित लवते. पट्टेही त्याच जाणिवेने आवळावेत: होडी हलू नये इतके घट्ट, पण तिचे अंग चेपेल इतके नव्हे.

आधार एकदा देऊन संपत नाही, तो पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. पट्टे ताणून सैल होतात, म्हणून निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरांवर एकदा थांबून ते आवळावेत. अजिंठा गावापाशी घाट उतरायच्या आधी खालचा गिअर घ्यावा, म्हणजे सगळा भार ब्रेकवर पडत नाही. घाट संपतो तिथे फर्दापूर आहे; जुनी सराई असलेले, वाटसरूंना थांबवण्याची सवय असलेले गाव. तिथे गाडी बाजूला घ्या, खाली उतरा आणि प्रत्येक हबाला हळूच हात लावून पाहा. सगळे सारखे कोमट असतील तर पुढे जा. त्यातला एकच हब हात ठेववत नाही इतका तापला असेल, तर कितीही उशीर होत असला तरी त्या चाकावर एक किलोमीटरही पुढे जाऊ नका.