कोरा रकाना

पेणला एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात रोह्याचा एक पोरगा सीआयएसएफच्या चारित्र्य पडताळणीचा फॉर्म भरत होता. ‘कधी अटक झाली आहे का?’ इथे त्याचा हात थांबला. चार वर्षांपूर्वी धाटावला कंत्राटी कामावर असताना सुपरवायझरशी मारामारी, एक रात्र कोठडी, मग आपसात मिटवलेलं. सोबतचा मित्र म्हणाला, “नाही लिही. कोण बघतंय?”

सरकारला आपला भूतकाळ कशाला हवा? उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. फेब्रुवारी 1993 मध्ये शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं आणि 12 मार्चला मुंबईत स्फोट झाले. 257 माणसं गेली. खटल्यात कस्टम्स आणि पोलिसांतली माणसंही दोषी ठरली. नोकरीला लागताना त्यांचीही पडताळणी झालीच असणार. म्हणजे कोरा रकाना हा काही विश्वासाचा पुरावा नव्हे.

मग चूक लिहिलेला माणूस विश्वासाचा असू शकतो का? 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली पोलीस भरतीतल्या संदीप कुमारला दिलासा दिला. मिटलेला मारामारीचा गुन्हा त्याने अर्जात लिहिला नव्हता. तरुण वयातल्या चुकीसाठी आयुष्यभराचा शिक्का नको, असं न्यायालयाचं म्हणणं. 2016 च्या अवतार सिंग निकालाने मात्र चौकट आखली: माहिती खरीच द्या. किरकोळ चूक लपवली असली तर ती माफ करता येईल, पण सगळं खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळेलच असं नाही.

मला वाटतं, मारामारी तेव्हाच्या पोराने केली, पण लपवणं आजचा पोरगा करतोय. शिवाय लपवलेली गोष्ट ज्याला माहीत, त्याच्या हातात आपली दोरी जाते. उद्या गेटवर कुणी म्हणेल, “तो ट्रक सोड, नाहीतर सांगतो सगळं.”

पण हा हिशोब एकतर्फी नको. ‘होय’ दिसताच, चूक केवढी होती आणि नंतर माणूस कसा वागला हे न बघता दार लावलं, तर खोटं बोलायला सरकारच शिकवतं. खरं मागणाऱ्याने ते पूर्ण वाचायलाही हवं.

“खरं लिहिलं आणि नोकरी गेली तर?” पोराने मला विचारलं. जाऊही शकते, मी म्हणालो. तो थोडा वेळ गप्प बसला. मग ‘होय’ लिहिलं आणि जागा पुरेना म्हणून दुकानदाराकडे एक कोरा कागद मागितला.