जप्तीची किंमत कोणी मोजायची?

कर देणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे आणि जो देत नाही त्याच्याकडून सक्तीने वसूल करण्याचा अधिकार शासनाला आहे, याविषयी धर्म आणि राज्यशास्त्र यांच्यात फारसे दुमत नाही. मतभेदाला जागा आहे ती त्यापुढच्या प्रश्नावर: सक्ती करायला जो खर्च येतो, तो कोणी सोसायचा? इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथला स्थानिक घरकर, थकला की या प्रश्नाचे उत्तर कायद्याने आधीच देऊन ठेवलेले असते. ज्याच्या दारात बेलीफ येतो, त्यानेच बेलीफाच्या येण्याचे पैसे द्यायचे. हे उत्तर इतके अंगवळणी पडले आहे की त्यात नीतीचा काही प्रश्न दडला आहे, असे सहसा कोणाला वाटत नाही. माझे म्हणणे असे की कर मागण्याचा अधिकार आणि वसुलीचा खर्च माथी मारण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला सिद्ध झाला म्हणून दुसरा आपोआप सिद्ध होत नाही. म्हणूनच बेलीफाच्या फीला किंवा वागणुकीला आव्हान देणारा थकबाकीदार कर्तव्यातून अंग काढून घेतो आहे, असे मानणे चुकीचे आहे.

आधी व्यवस्था नीट पाहू. माणशी आकारल्या जाणाऱ्या पोल टॅक्सविरुद्ध लोक उठले, तो रद्द झाला आणि 1993 पासून घराच्या किमतीच्या पट्ट्यांवर आधारलेला कौन्सिल टॅक्स आला. इंग्लंडमध्ये या पट्ट्या आजही 1991 च्या किमतींवरच उभ्या आहेत. हप्ता चुकला की स्मरणपत्र येते. सात दिवसांत पैसे भरले नाहीत तर हप्त्याने देण्याची सवलत जाते आणि वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते. मग समन्स निघते. दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात प्रश्न एवढाच असतो की कर रीतसर आकारला होता का आणि तो भरला का. देणाऱ्याची ऐपत काय, हे तिथे विचारलेच जात नाही. आदेश निघतो, समन्सचा खर्च वाढतो आणि प्रकरण बेलीफाकडे जाते. 2014 च्या नियमांनी बेलीफाची फी ठरवून दिली: नोटिशीच्या टप्प्याला 75 पाउंड, दारात पहिले पाऊल पडताच 235 पाउंड, आणि सामान विक्रीला नेले तर आणखी 110. देणे 1,500 पाउंडांच्या वर असेल तर शेवटच्या दोन टप्प्यांवर वरच्या रकमेच्या साडेसात टक्के वेगळे. यात सुधारणा झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याआधी गाडी आणल्याचा खर्च म्हणून काय लावावे, याला धड मर्यादा नव्हती. पण फी ठरलेली असणे आणि ती न्याय्य असणे यांत अंतर आहे.

हे अंतर धर्मपरंपरांनी फार पूर्वी ओळखले होते. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात सावकाराला स्पष्ट आज्ञा आहे की तारण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे आणि त्याने आणून दिलेले घ्यावे. गरिबाचे पांघरूण तारण असेल तर ते सूर्यास्तापूर्वी परत करावे, आणि जात्याची तळी तर तारण घेऊच नये, कारण तो त्याच्या जगण्याचाच आधार. करवसुली करणारे लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले, तेव्हा त्याने त्यांना ते काम सोडायला सांगितले नाही. नेमून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यात ऋणको अडचणीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत त्याला मुदत द्यावी असे आहे. आपल्या मनुस्मृतीने कर्जवसुलीच्या पाच मार्गांत बळालाही जागा दिली, पण त्याच आठव्या अध्यायात वाढीला कुंपण घातले: व्याजासह एकवेळची वसुली मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाता कामा नये. हाच दामदुपटीचा नियम, आणि तो इंग्रजी अमलातल्या मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी हिंदू ऋणकोंना लागू केला. या साऱ्यांत एक समान सूत्र आहे. देणे कोणीही माफ करत नाही. देण्याच्या निमित्ताने माणसाच्या घरात, पोटात आणि प्रतिष्ठेत किती खोल हात घालायचा, यावर मात्र सगळेच बंधन घालतात.

इंग्लंडच्या कायद्यातही या सूत्राच्या खुणा दिसतात. कौन्सिल टॅक्सच्या थकबाकीसाठी बेलीफाला पहिल्या भेटीत दार फोडून घरात शिरता येत नाही. सकाळी सहापूर्वी आणि रात्री नऊनंतर सहसा यायचे नाही. घरात फक्त सोळा वर्षांखालचे मूल असेल तर आत जायचे नाही. अंथरूण-पांघरूण, शेगडी आणि एका मर्यादेपर्यंत धंद्याची हत्यारे यांना हात लावायचा नाही. जात्याच्या तळीचा विचार इथे जिवंत आहे. दामदुपटीचा मात्र मागमूस नाही. दोनशे पाउंडांच्या देण्यावर पहिल्या दोन टप्प्यांची फी 310 पाउंड होते, म्हणजे मुद्दलाच्या दीडपटीहून जास्त. तीन हजारांच्या देण्यावर हीच फी 422 पाउंड 50 पेन्स होते, म्हणजे साधारण चौदा टक्के. जो सर्वांत थोड्या रकमेसाठी अडला, त्याच्यावर प्रमाणाने सर्वांत मोठा भार. हाती आलेली रक्कम अपुरी पडली तर तिच्यातून आधी 75 पाउंडांची फी वळती होते. जो पाच-दहा पाउंड जमवून देतो, त्याचे पैसे पहिल्यांदा बेलीफाच्या खात्यात जातात आणि शाळा, कचरा, वृद्धांची देखभाल यांसाठी मागितलेला कर तसाच शिल्लक राहतो.

यावर सरळ आक्षेप असा की दामदुप्पट सावकाराच्या लोभासाठी होती. इथे लोभाचा प्रश्न नाही, खर्चाचा आहे. ज्याने वेळेवर कर भरला, त्या शेजाऱ्याने थकवणाऱ्याच्या वसुलीचा खर्च का उचलावा? आक्षेप वजनदार आहे, आणि फी जर खरोखर त्या एका माणसाच्या प्रकरणाचा खर्च असती तर तो निर्णायकही ठरला असता. पण नगरपरिषद बेलीफ कंपनीला काही देत नाही. कंपनीचे उत्पन्न वसूल झालेल्या फीतूनच येते. ज्या घरांतून काहीच हाती लागत नाही, त्या फेऱ्यांचा खर्चही अखेर पैसे देणाऱ्यांच्याच फीतून निघावा लागतो. म्हणजे उशिरा का होईना पण देणारा माणूस स्वतःच्या चुकीबरोबर इतरांच्या थकबाकीचा आणि कंपनीच्या नफ्याचाही भार उचलतो. ‘ज्याची चूक त्याचा खर्च’ हे तत्त्व इथे तोंडी लावण्यापुरते उरते. शिवाय समंजस तडजोड लवकर झाली तर 75 पाउंड आणि दारापर्यंत प्रकरण गेले तर 310, अशी रचना असेल तर ताण वाढवण्यात कोणाचा फायदा आहे, हे सांगावे लागत नाही. एखादा बेलीफ सज्जन असेल, बरेच असतीलही; पण चांगल्या वागणुकीची सारी भिस्त माणसाच्या सज्जनपणावर टाकणारी व्यवस्था चांगली म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप धाकाचा. बेलीफाचे भय नसेल तर कर कोण भरेल? ज्याला देता येते पण द्यायचे नाही, त्याच्यासाठी धाक हवाच. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही याच्या विरोधात जात नाही. दुष्काळात सरकारी कोठार त्यांनी लोकांना मोकळे केले, पण विठ्ठलाने महाराच्या रूपात जाऊन बादशहाची रक्कम भरली. देणे बुडवले नाही. प्रश्न आहे तो ज्याला देताच येत नाही त्याचा. एप्रिल 2013 मध्ये इंग्लंडमधला कौन्सिल टॅक्स बेनिफिट रद्द झाला आणि त्याजागी कमी निधीच्या स्थानिक योजना आल्या. सवलत पेन्शनरांची शाबूत राहिली, तर काम करण्याच्या वयातल्या अनेक गरिबांना पहिल्यांदाच कराचा काही भाग भरावा लागू लागला. अशा माणसावर धाक चालत नाही, फक्त बेरीज वाढते. दुर्बल व्यक्तीला मदत मिळवायला पुरेशी संधी दिली नसेल तर दारात येण्याची फी घेता येत नाही, असा नियम आहे खरा. पण समोरचा माणूस दुर्बल आहे की नाही हे दारात पहिल्यांदा ठरवतो बेलीफ, आणि त्या निर्णयावर त्याची फी अवलंबून असते. ऐपतीची चौकशी कायद्याने अनिवार्य होते ती थेट तुरुंगात पाठवण्याच्या वेळी. वेल्सने 2019 मध्ये कौन्सिल टॅक्ससाठीचा तुरुंगवासच काढून टाकला. इंग्लंडमध्ये तो अजून कायद्यात आहे. जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, तो सर्वांत शेवटी विचारला जातो.

तिसरा आक्षेप नैतिक आहे: जो स्वतः देणेकरी आहे, त्याने दुसऱ्याच्या हिशेबातल्या चुका कोणत्या तोंडाने काढायच्या? याचे उत्तर पॉल निकोल्सन या निवृत्त अँग्लिकन धर्मगुरूच्या खटल्यात सापडते. गरिबांवर लादलेल्या कराच्या निषेधार्थ त्यांनी लंडनच्या हॅरिंगे भागात आपला कौन्सिल टॅक्स जाणूनबुजून भरला नाही. देणे लागू आहे हे उघड होते. पण समन्सपोटी मागितलेले 125 पाउंड नक्की कशाचे, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. 2015 मध्ये उच्च न्यायालयाने म्हटले की तो आकडा कसा आला याची पुरेशी माहिती समोर नसताना दंडाधिकाऱ्यांनी खर्च मंजूर करणे बेकायदा होते. निकोल्सन यांनी उभारलेल्या संस्थेला नाव होते यरीहोच्या जक्कयाचे, ज्या मुख्य जकातदाराने कोणाचे लबाडीने घेतले असेल तर चौपट परत करण्याचे वचन दिले होते. या खटल्याचा बोध साधा आहे. ऋण माणसाला देणेकरी करते, मुका करत नाही. एकाच वेळी आलेल्या अनेक आदेशांवर दाराची फी अनेकदा लावली, सात पूर्ण दिवसांच्या नोटिशीआधीच भेट दिली, फटीत पाय घालून दार अडवले, यांबद्दल तक्रार करणारा कायदा मोडत नाही, कायद्याची अंमलबजावणी मागतो. त्यासाठी नगरपरिषदेकडे, नंतर लोकपालाकडे, आणि बेलीफाच्या परवान्याच्या प्रश्नासाठी काउंटी कोर्टाकडे जाण्याची वाट आहे. बेलीफ कंपनी खासगी असली तरी तिच्या वागण्याची जबाबदारी नगरपरिषद झटकू शकत नाही. मात्र कर लागूच होत नाही असे सांगणाऱ्या बनावट कायदेपंडितांच्या नादी लागणे हे आव्हान नव्हे. त्यात फसतो तो गरीबच, आणि त्याची फी आणखी वाढते.

हा प्रश्न परदेशातला म्हणून आपल्याला सोडून देता येणार नाही. आपल्या महापालिकाही मिळकतकराच्या थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लावतात, आणि पुण्यात थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवण्याचा प्रयोग झालेला आहे. तिथेही ऐपत नसलेला आणि दानत नसलेला यांना एकाच मापाने मोजले जाते. तेव्हा कोणत्याही शहराच्या कारभाऱ्यांकडे मागणे तीन गोष्टींचे असावे: सक्ती सुरू करण्याआधी ऐपत तपासा, वसुलीचा जादा खर्च मूळ देण्याच्या वर कधीही जाऊ देऊ नका, आणि समोरचा माणूस दुर्बल आहे की नाही हे ठरवण्याचे काम ज्याची कमाई त्या उत्तरावर अवलंबून आहे त्याच्या हाती देऊ नका. या तीन अटी न पाळता होणारी वसुली कायदेशीर असेल, पण तिला न्याय्य म्हणता येणार नाही.