दमास्कसमधली दुरुस्ती

सोने कसोटीवर घासून पाहता येते, दुधातले पाणी लॅक्टोमीटर दाखवतो. माहितीची सुरक्षितता विकत घेणाऱ्याच्या हाती असे काहीच नसते. यंत्र चालते, संदेश अगम्य अक्षरांत बाहेर पडतो. तो नेमका कोणाला अगम्य आहे, हे ग्राहकाला कळायला मार्ग नाही. म्हणून तो विकणाऱ्या माणसावर भिस्त ठेवतो.

स्वित्झर्लंडमधली क्रिप्टो एजी ही कंपनी अशाच भरवशावर शंभराहून अधिक देशांना सांकेतिक यंत्रे विकत होती. भारत आणि पाकिस्तान, दोघेही तिचे गिऱ्हाईक. फेब्रुवारी २०२०मध्ये उघड झाले, की १९७०पासून तिची मालकी गुप्तपणे अमेरिकेच्या सीआयएकडे आणि पश्चिम जर्मनीच्या बीएनडीकडे होती. अनेक यंत्रांतले गणित मुद्दाम कच्चे ठेवले जाई.

मालकांविषयी पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र पीटर फ्रुटिगर हा अभियंता अधिक विचार करायला लावतो. सीरियाच्या तक्रारी आल्या म्हणून तो दमास्कसला वारंवार गेला आणि वरिष्ठांना न विचारता त्याने यंत्रांतल्या उणिवा काढून टाकल्या. तिकडे अमेरिकेच्या एनएसएला सीरियाचे संदेश वाचता येईनात. १९७७ साली फ्रुटिगरची नोकरी गेली.

त्याने केले ते योग्य का? ग्राहक होती हाफिज अल्-असदची राजवट. पाचच वर्षांनी हमा शहरात तिने हजारो माणसे मारली. अशांचे संदेश कोणी वाचत असेल तर बरेच, असे कोणीही म्हणेल. पण अर्जेंटिना आणि चिलीच्या लष्करशहांकडेही हीच यंत्रे होती, आणि ऐकणाऱ्यांनी ऐकले म्हणून तिथली माणसे वाचली असे दिसत नाही. असदचे काम नाकारायला फ्रुटिगर मोकळा होता. एकदा ते घेतल्यावर, पैसे घेऊन खोटे कुलूप बसवायचा अधिकार त्याला कुठून मिळाला असता?

कंपनीचा विक्रेता हान्स ब्युलर याला तर यातले काहीच ठाऊक नव्हते. १९९२ साली इराणने त्याला पकडले, नऊ महिने डांबले. कंपनीने दहा लाख डॉलर भरून सोडवले आणि मग कामावरून काढले. त्याचा प्रामाणिक चेहरा हेच कंपनीचे खरे भांडवल होते. (‘आपला विश्वासू’ लिहून आपण रोज किती पत्रे संपवतो!) सल्लागार सच्चा आहे, एवढ्यावरून त्याचा माल सच्चा ठरत नाही, ही यातली सर्वांत अवघड गोष्ट.

आज आपल्याकडे सर्ट-इनच्या यादीतली एखादी संस्था सहकारी बँकेची यंत्रणा तपासते, तेव्हा तिचे शुल्क ती बँकच भरते. अहवालात ‘गंभीर’ लिहिलेली त्रुटी ‘मध्यम’ करा, अशी विनंती आली तर ती करणाराच बिल मंजूर करणार असतो. फ्रुटिगरसमोर निदान त्याचा ग्राहक बसलेला होता. इथे ज्यांच्या ठेवी जातील, त्या खातेदारांचे नाव करारात कुठेच नसते.