मनाची व्यथा आणि काठावरची हाक

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की घरोघरी श्रीगुरुचरित्राची पोथी सोवळ्यातून खाली येते आणि सप्ताह बसतो. या अंकाच्या वाचकांपैकी कित्येकांच्या पारायणांची मोजदाद आता त्यांनाही आठवत नसेल. इतक्यांदा वाचल्यावर कथा तोंडपाठ होतात आणि कधी कधी त्या पाठ झाल्यामुळेच त्यांतली एखादी गोष्ट नजरेतून निसटते. आज अशा दोन कथांकडे आपलं लक्ष वेधावं असं वाटतं.

पहिली आठव्या अध्यायातली. विधवा माता अंबिका आणि तिचा मंदबुद्धी मुलगा. लोकांच्या टोचून बोलण्याला कंटाळून दोघं कुरवपुरास कृष्णेत जीव द्यायला निघाली. तिथे श्रीपाद श्रीवल्लभ होते. त्यांनी तिचं दुःख ऐकून घेतलं, शनिप्रदोषाचं व्रत सांगितलं आणि मुलाच्या मस्तकावर हात ठेवला. तीच माता पुढच्या जन्मी कारंज्याला श्रीनृसिंहसरस्वतींची आई झाली, हे आपण जाणतोच.

दुसरी तेराव्या अध्यायातली. पोटशूळाने गांजलेला एक ब्राह्मण. अन्न पोटात गेलं की जीव जातो की काय अशा वेदना व्हायच्या. तो बिचारा अंगाला दगड बांधून गोदावरीत उतरायला निघाला. महाराजांनी शिष्यांना पाठवून त्याला परत बोलावलं. आत्महत्या हे पाप आहे, हे त्याला सांगितलंच, पण एवढं सांगून वाटेला लावलं नाही. ‘तुला काय होतंय’ हे विचारलं आणि औषध देतो म्हणाले. पुढे सायंदेवांना सांगितलं, याला तुमच्या घरी जेवू घाला. सायंदेव घाबरले. जेवून हा मेला तर? पण महाराजांच्या शब्दाखातर त्यांनी त्याला पंगतीला घेतलं, आणि त्याची व्यथा गेली.

आता यातला क्रम पाहा. दोन्ही ठिकाणी महाराजांनी माणसाला पाण्यात उतरण्याआधी, काठावरच अडवलं. मग ऐकून घेतलं. मग उपाय सांगितला. आणि दुसऱ्या कथेत तर एका गृहस्थाश्रमी माणसाला त्या उपायात सामील करून घेतलं. थांबवणं, ऐकणं, उपाय आणि सोबत. आजच्या काळात मानसोपचाराचं काम ज्याला म्हणतात ते याच चार पायऱ्यांनी चालतं.

भगवद्गीतेचंही तसंच. पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग आहे. अर्जुनाचे हातपाय गळाले, तोंड कोरडं पडलं, गांडीव हातातून निसटू लागलं. ही सगळी लक्षणं त्याने भगवंतांना स्वतः सांगितली, आणि कधी? युद्ध सुरू होण्याच्या आधी. ‘एवढा मोठा धनुर्धर मी, लोक काय म्हणतील’ असा विचार करून तो गप्प बसला असता तर? विषादाचा ‘योग’ झाला, कारण तो वेळेवर योग्य माणसापुढे बोलला गेला.

‘वेळेवर’ या शब्दाचं मोल मला बँकेतल्या नोकरीने शिकवलं. कर्जाचा हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं अनुत्पादक होतं, सगळे ज्याला एनपीए म्हणतात ते. पण बँक 90 दिवस डोळे मिटून बसत नाही. 30 दिवसांपर्यंतची थकबाकी, 60 पर्यंतची, 90 पर्यंतची, अशा तीन पायऱ्या करून खात्यावर आधीच खूण होते. पहिल्या पायरीवर कर्जदाराशी नुसतं नीट बोललं तरी पुष्कळदा खातं रुळावर येतं. तिसऱ्या पायरीला बरीच धावपळ करावी लागते. आणि त्यानंतर? मग नोटिसा, वसुली, जप्ती. कर्ज तेच, माणूस तोच, पण उशिराची किंमत वेगळी.

मनाचं खातंही असंच आहे. झोप उडणं किंवा पहाटे तीनलाच जाग येऊन पडून राहणं, जेवणावरची वासना जाणं, ज्यात आनंद वाटायचा त्या भजनात, नातवंडांत मन न रमणं, सारखं अपराधी वाटणं, उगाच धडधड. यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोजच टिकलं तर ती पहिली पायरी समजावी आणि डॉक्टरांशी बोलावं. आपल्या वयात तर हे आणखी फसवं असतं. म्हातारपणी उदासी पुष्कळदा अंगदुखी, अपचन, विसराळूपणा अशा वेषात येते. आपण म्हणतो, वय झालं. थायरॉइडचा त्रास किंवा बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता असली तरी अशी लक्षणं दिसतात, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं.

माझ्याबरोबर एका शाखेत एक कॅशियर होते. पत्नीच्या मोठ्या आजारपणानंतर त्यांची झोप गेली. एकच बंडल चार-चार वेळा मोजायचे, कॅश जुळली तरी घरी जाऊन रात्रभर हिशेब करायचे. त्यांच्या पत्नीने, जी स्वतः नुकतीच बरी झाली होती, तिसऱ्याच आठवड्यात त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. काही महिने गोळ्या, दर पंधरा दिवसांनी समुपदेशन. गुरुवारची आरती त्यांनी एकदाही चुकवली नाही, आणि गोळीही नाही. ते पुन्हा काउंटरवर बसले आणि सन्मानाने निवृत्त झाले. त्या माउलीने सहा महिने वाट पाहिली असती तर काय झालं असतं, हे सांगायला नको.

कारण न जाणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. आणि 2022 साली आपल्या देशात 1,70,924 जणांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, 22,746. संतांच्या या भूमीत हा आकडा वाचताना मान खाली जाते. कितीजण काठापर्यंत गेले आणि त्यांना हाक मारायला कुणी नव्हतं!

लवकर गेल्याने होतं काय? त्रास सौम्य असेल तर बहुधा बोलण्याच्या उपचारानेच भागतं, गोळ्यांची गरज पडत नाही. गोळ्या लागल्याच तर गुण लवकर येतो. नोकरी, संसार, नाती मोडायच्या आत माणूस सावरतो. तरुण मुलाला कानात आवाज ऐकू येऊ लागले, तो संशय घेऊ लागला, तर जितक्या लवकर उपचार तितकं त्याचं शिक्षण आणि आयुष्य वाचण्याची शक्यता जास्त. अशा वेळी ‘बाहेरची बाधा’ म्हणून गाणगापूरला जरूर न्या. महाराजांच्या पायाशी जायला कोण अडवणार? पण त्याच आठवड्यात डॉक्टरांकडेही न्या. एकासाठी दुसरं लांबवू नका.

‘मग श्रद्धेचं काय?’ असं कुणी विचारेल. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ कावेरीकाठी गुणशीलम हे विष्णूचं क्षेत्र आहे. मनोरुग्णांना तिथे 48 दिवस देवसेवेत ठेवण्याची जुनी परंपरा आहे. 2001 साली त्याच राज्यात एरवाडी इथे साखळदंडाने बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडले. त्यानंतर गुणशीलमला परवानाधारक केंद्र उभं राहिलं. आता तिथे देवाचं तीर्थ आहे आणि डॉक्टरांची तपासणीही. आणि आपले दत्तप्रभू? त्यांनी तर अवधूतरूपात 24 गुरू केले. पृथ्वी, वारा, कबुतर, मधमाशी, कुणाकडूनही शिकायला त्यांना कमीपणा वाटला नाही. मग पंचविसावा गुरू म्हणून एखाद्या डॉक्टरासमोर बसायला आपल्याला लाज का वाटावी?

काही व्यावहारिक गोष्टी सांगतो, त्या सप्ताहाच्या आधी घरात वाचून दाखवा.

पारायणासाठी चालू गोळ्या बंद करू नका. उपासाच्या दिवशीही गोळी घेतल्याने व्रत मोडत नाही. ज्यांना लिथियमची गोळी चालू आहे त्यांनी अळणी हविष्यान्न किंवा निर्जळ उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. शरीरातलं मीठ-पाणी एकदम कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि विषासारखं बाधू शकतं. ज्यांना मन अतिउत्साहात जाण्याचा आजार आहे, त्यांना काकड आरतीसाठीची जागरणं बाधतात. त्यांनी झोप पूर्ण करूनच पोथी वाचावी.

उदासीवरच्या औषधांची सवय लागते, हा समज चुकीचा आहे. गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून चौथ्या दिवशी सोडू नयेत, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करू नयेत. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नयेत.

कुठे जायचं? आधी आपले नेहमीचे डॉक्टर. नाहीतर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. आणि घरबसल्या बोलायचं तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा आहे. क्रमांक 14416. ती 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

कुणी ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असं म्हणालं तर विषय बदलू नका, प्रवचनही देऊ नका. ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने विचार येत नाही. उलट दाबलेलं दुःख मोकळं होतं. त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं, जादा गोळ्या नजरेआड ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या.

मंडळी, आपण अवतारी पुरुष नाही. आपल्या हाताच्या स्पर्शाने कुणाची व्यथा जाणार नाही. पण सायंदेव होणं आपल्याला जमण्यासारखं आहे. गेल्या तीन गुरुवारी आरतीला न दिसलेल्या माणसाच्या घरी जावं, चहा घ्यावा, ‘झोप लागते ना?’ एवढं विचारावं, आणि गरज पडली तर त्याच्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसावं. सायंदेवांनाही भीती वाटली होतीच, तरी त्यांनी पान वाढलं.

या दत्तजयंतीला प्रभूंच्या चरणी हेच मागणं, की आमच्या मंदिराच्या पंचक्रोशीत कुणीही एकट्याने काठापर्यंत जाऊ नये, आणि गेलाच तर त्याला वेळेवर हाक मारण्याची बुद्धी आम्हाला मिळावी.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!